हाड म्हटल्यावर येणारा कुत्रा

मराठी माणूस आणि कुत्रा यांच्यात एक प्राचीन करार आहे. तो कुठे कोरलेला नाही, पण ताम्रपटाहून टिकाऊ आहे. माणसाने ‘हाड’ म्हणायचं आणि कुत्र्याने निघून जायचं. राज्यं आली, राज्यं गेली, लिपी मोडीची बाळबोध झाली, पण या कराराचा भंग कुत्र्याकडून कधीही झाला नाही, असं हर्षद उतेकर सर अकरावीच्या वर्गाला शब्दशक्ती शिकवताना सांगत असत.

ते हे सांगत असताना त्यांचा स्वतःचा कुत्रा कॉलेजच्या फाटकाशी बसलेला असे. शिपाई त्याला हात उगारून “हाड!” म्हणाला, की तो उठून शेपूट हलवत शिपायाच्या मांडीवर पुढचे पाय ठेवत असे.

या पौषात तो कुत्रा गेला. आणि जाताना उतेकर सरांच्या गळ्यात एक प्रश्न बांधून गेला.

कुत्र्याचं नाव प्रत्यय. प्रत्यय हा शब्दाच्या मागे मागे लागतो आणि लागला की मूळ शब्दाचं रूप बदलतो, म्हणून हे नाव. ते ठेवलं तेव्हा सर दोन दिवस स्वतःवर खूश होते. कॉलनीला मात्र ते पेललं नाही. कॉलनीने आधी परत्यय केलं, मग परत्या केलं, आणि गॅस सिलिंडर आणणारा तर त्याला ‘परत ये’ म्हणायचा. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर काहीच फरक पडला नाही. तो यांपैकी कशालाच ओ देत नसे. नावाने हाक मारा, शिट्टी वाजवा, तो भिंतीकडे बघत बसून राही. ‘हाड’ म्हणा, हजर.

तो घरी आला तोच मुळी असा. पुराच्या वर्षी महाडात पाणी शिरलं तेव्हा उतेकर कुटुंब पहिल्या मजल्यावर होतं आणि तळमजला पाण्यात होता. सकाळी उजाडल्यावर सर पाण्याचा अंदाज घ्यायला जिन्याच्या वळणावर येऊन उभे राहिले. खाली कुणाची तरी स्कूटर अर्धी बुडाली होती आणि तिच्या सीटवर एक तपकिरी कुत्रा बसला होता, बस येण्याची वाट बघत असल्यासारखा. एक कान फाटलेला, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. सरांना लहानपणापासून कुत्र्यांची भीती. त्यांनी हात उंच उगारला आणि वर्गात कधी लागला नव्हता असा आवाज लावला. “हाड! हाड!”

कुत्र्याने त्यांच्याकडे पाहिलं. पाण्यात उडी मारली, पोहत जिन्याशी आला, पायऱ्या चढला, सरांच्या अंगावर मनसोक्त पाणी झाडलं आणि ओलं नाक त्यांच्या तळहातात खुपसलं.

“समीक्षा! अगं हा वर आला!”

समीक्षा आत तांदळाचे डबे माळ्यावर चढवत होती. “येऊ दे. आता खाली जाणार कुठे तो?”

पाणी ओसरल्यावर गावच्या एका साप्ताहिकात बातमी आली: ‘पुराच्या लोंढ्यातून मुक्या जिवाला वाचवणारे प्राध्यापक’. त्या बातमीत सर पोहत होते. सरांना पोहता येत नाही. पण भाषेच्या माणसाने छापील मजकुराशी वाद घालू नये, हे त्यांचं जुनं तत्त्व होतं.

बातमी खोटी असली तरी त्या ओल्या नाकाने सरांच्या आयुष्यात मोठी उलथापालथ केली, हे खरं. कारण सरांचा अनुभव असा, की ‘या’ म्हटल्यावर कोणी येत नाही. मराठी दिनाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘अगत्य येण्याचे करावे’ असं त्यांनी सुवाच्य छापून घेतलं, तर अगत्याने आला तो फक्त माइकवाला, आणि तोही वायरी गुंडाळायच्या घाईत. वर्गात ते बोलत आणि मुलं बाकाखाली बघत गालातल्या गालात हसत. सर आधी समजायचे, आपण काहीतरी विनोदी बोललो. पुण्याला असलेली मुलगी प्रियदर्शिनी रविवारी न चुकता फोन करी आणि तो स्पीकरवर टाकून कपड्यांना इस्त्री करी. बाबा बोलत असताना इस्त्रीचा फुस्स असा आवाज येई. बाबांना तो उसासा वाटे.

आणि इथे एक जीव होता, जो ‘जा’ म्हटल्यावर आला. याचा अर्थ उघड होता. त्याने शब्द ऐकला नाही, शब्दामागचा माणूस ऐकला. तोंडाने हाड म्हणणाऱ्या माणसाचं मन ये म्हणत होतं, हे त्या माणसाच्याही आधी त्याला समजलं. सरांनी ही गोष्ट इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली, की जिन्यावर आपण त्याला खरोखरच हाकलत होतो हे त्यांच्याही लक्षात राहिलं नाही.

मग रोज संध्याकाळी गॅलरीत मैफल जमू लागली. सर वेताच्या खुर्चीत, प्रत्यय समोर, नजर सरांच्या तोंडावर. पापणी लवायची नाही. सरांनी त्याला अलंकार सांगितले, समास सांगितले, प्राचार्यांविषयी जे कुणालाच सांगता येत नव्हतं तेही सांगितलं. एखाद्या मुद्द्यावर भर देताना सरांचा हात वर जाई, आणि नेमका त्याच क्षणी प्रत्यय उठून दोन पावलं जवळ येई. “बघ,” सर समीक्षाला म्हणायचे, “कुठे दाद द्यायची ते कळतं त्याला.”

समीक्षा बँकेतून दमून आलेली असायची. ती त्याला कधी हाक मारत नसे. फरशीवर पाय आपटायची, की तो येऊन ताटलीला भिडे. सरांना हे फार असंस्कृत वाटायचं. एकदा त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. समीक्षा म्हणाली, “जेवतो ना? मग झालं.”

दिवाळीत कॉलनीतली बाकीची कुत्री खाटांखाली शिरत आणि हा लवंगी माळेशेजारी पाय ताणून झोपे. “स्थितप्रज्ञ!” सर शेजाऱ्यांना सांगत. शेजारी म्हणत, “राखणीला काय उपयोग मग?” चोर आला असता तर त्याने चोरालाही पडल्या पडल्या सोडलं असतं, हे खरं होतं, पण चोराने त्याला हात उगारून हाड म्हणायची चूक केली असती, तर चोराची सुटका नव्हती.

तर असा हा प्रत्यय पौषात एका दुपारी गॅलरीच्या उन्हात झोपला आणि उठला नाही. सर कॉलेजातून आले. त्यांनी हळूच म्हटलं, “हाड.” मग जरा मोठ्याने म्हटलं. मग हात उंच करून तीनदा म्हटलं. समीक्षाने आतून जुनी चादर आणली आणि दोघांनी मिळून त्याला कॉलनीच्या मागे जांभळाखाली पुरलं. समीक्षा रडली. सर रडले नाहीत, कारण ते भाषण जुळवत होते.

भाषणाला प्रसंगही मिळाला. कॉलनीने चौथ्या दिवशी पार्किंगमध्ये छोटी शोकसभा घेतली. कुत्रा लोकप्रिय होता आणि गणपतीच्या खुर्च्या अजून मंडपवाल्याला परत गेल्या नव्हत्या. सर उभे राहिले. म्हणाले, “मी त्याला ‘हाड’ म्हणालो आणि तो आला. त्याने माझा शब्द ऐकला नाही, त्याने माझं मन ऐकलं.” इथे टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे शोकसभेला न कळून तिने अर्ध्याच वाजवल्या.

तेवढ्यात तुडीलहून दूध घालायला येणारा भिकू, जो किटली खाली ठेवून भक्तिभावाने ऐकत होता, तो म्हणाला, “सर, रागवू नका, पन एक विचारू?”

“विचार ना.”

“तो मटनवाल्याकडचा असंल तर?”

“म्हणजे?”

“म्हंजे हाड म्हंजे हाड हो! नळी! त्याला वाटत असंल, मालक नळी देतोय. कुठला कुत्रा थांबंल?”

पार्किंगमध्ये जे हसू फुटलं ते शोकसभेच्या मानाने फारच प्रामाणिक होतं. फाटक्या कानाच्या कुत्र्यासाठी मनापासून रडलेल्या दोन बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. सरही हसले. श्लेष अलंकाराचं उत्तम उदाहरण, असंही म्हणाले. पण जिना चढताना ते वळणावर थांबले आणि तिथेच बराच वेळ उभे राहिले.

कुत्रा आपल्या मनाला आला होता, की नळीला?

प्रश्न दिसायला लहान होता. पण त्याचं उत्तर नळी असेल, तर आयुष्यभर बोलत आलेल्या माणसाच्या शब्दावर आपणहून आलेला जीव एकही नाही, असा हिशेब निघत होता. सरांना तो मांडवेना आणि टाकवेना.

“गेला तो आता,” समीक्षा म्हणाली. “कशाला आला होता ते कळून काय करणार?”

“संशोधन.”

“अहो, पण तो मुळात...”

तोवर खाली सरांची स्कूटर सुरू झाली होती.

बाजारात मोरूचं मटणाचं दुकान आहे. सर मटण खात, पण आणायची समीक्षा. त्यामुळे सरांना दुकानात बघून मोरूच्या हातातला सुरा थांबला.

“सर? तुमी? या या. किती देऊ?”

“मला मटण नको, माहिती हवी आहे.”

“अर्धा किलो?”

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. सरांनी मोबाइलवर प्रत्ययचा फोटो काढून पुढे धरला. मोरूने तो सुऱ्याच्या अंतरावरून न्याहाळला. “नाय सर. माज्या दारातली कुत्री मी नात्यागोत्यानिशी वळखतो. हा आपला नव्हं.”

“बरं, मला सांगा, तुम्ही कुत्र्यांना ‘हाड’ म्हणता?”

“दिवसभर म्हनतो. हाड म्हनून हाकलतो नि हाड म्हनून हाड टाकतो.”

“मग त्यांना कसं कळतं, कुठलं हाड कुठलं ते?”

मोरू क्षणभर विचारात पडला. असा प्रश्न त्याच्या दुकानात कोणी केला नव्हता. “आता ते कसं सांगू... त्वांड येकच बोलतं, हात येगळा हलतो. त्यांचं ते बघत्यात. बोलन्याकडं कोन ध्यान देतो, सर? माजी घरवाली बी देत नाय.”

पुन्हा हशा पिकला. गिऱ्हाइकांत पोलादपूरकडच्या कापडे गावची बनुबाई होती. तिने पिशवी काखेत मारली आणि हात पुढे केला. “बघू दे मला. ... अरे, हा तर आमच्या वाडीतला वाटतो. ठकूबाईकडं व्हता असा एक, फाटक्या कानाचा. पुरात गेला तिचा.”

“कापड्याची ठकूबाई?”

“व्हय. वडाच्या पुढचा घर. पन संध्याकाळच्या आत जा, मंग ती कोनाशी बोलत नाय, टीव्ही बघते.”

रविवारी सर पोलादपूरवरून कापड्याला गेले. शेतांतलं भात कधीच कापून झालं होतं आणि खाचरांत वाल फुलला होता. अख्ख्या रस्त्यात सर कुत्र्याच्या पूर्वायुष्याचा विचार करत होते. आजवर त्यांनी तो केलाच नव्हता. आपल्याकडे येण्याआधी तो कुणाचा तरी असेल, त्याला कोणी तरी हाका मारत असेल, हे त्यांना स्कूटरवर प्रथमच सुचलं, आणि त्यांनी वेग कमी केला.

ठकूबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

“कोन हाय?”

“नमस्कार आजी. मी हर्षद उतेकर. महाडला कॉलेजात शिकवतो.”

“उतेकर? कुठलं उतेकर?”

“मूळचे इकडचेच. पण वडिलांपासून महाडलाच.”

“इकडचं म्हंजे वरच्या आळीचं का खालच्या? आज्याचा नाव काय तुज्या? त्याची एक बहीन व्हती बघ, तिला दिली व्हती पल्याडच्या वाडीत, ती मानेला गाठ असलेली...”

कुत्र्याच्या कुळाची चौकशी करायला आलेल्या सरांना आधी स्वतःचं कूळ द्यावं लागलं. ते पूर्ण पटलं नाही तरी चालण्यासारखं आहे असं ठरल्यावर ठकूबाईंनी मोबाइल हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला, पदराने पुसला.

“ह्यो नाय. ह्यो जाडा हाय.”

“आमच्याकडे येऊन झाला.”

“थांब. कान बघू. ... मांजरीन फाडला व्हता त्याचा कान, बाळंतिनीन. व्हय रे! ह्योच तो!” त्यांनी वर पाहिलं. “तुज्याकडं हाय?”

“होता. पौषात गेला, आजी.”

ठकूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “पुरात गेला म्हनून मी तवाच त्याच्या नावानं आंघोळ केली,” त्या म्हणाल्या. “आता परत करायची काय?”

सरांना यावर शास्त्र माहीत नव्हतं.

“नाय करायची,” ठकूबाईंनीच निकाल दिला. “एका कुत्र्याच्या दोन आंघोळी नाय. पन बरा सांगितलास. म्हंजे पुरात नाय मेला.”

“नाही. पोटभर जेवून, उन्हात झोपून गेला.” सरांनी घसा साफ केला. ज्यासाठी आलो तो प्रश्न आता विचारायचा, आणि उत्तर नळी निघालं तर स्कूटरवर बसून परत जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. “आजी, एक विचारायचं होतं. तो ‘हाड’ म्हटलं की यायचा. असं का?”

ठकूबाईंनी घराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. “हळू बोल. ती आत हाय.”

“कोण?”

“शकू. सून माजी. तिला कुत्रा नको व्हता. म्हनायची, एकतर तो ऱ्हाईल नायतर मी. आता सांग, सून गेली तर भाताची लावनी कुत्रा करील? मंग मी काय करायची, तो दारात आला की वरडायची, हाड! हाड! तिला आत ऐकू जावा म्हनून. नि हातान भाकरी टाकायची. तोंडान हाड नि हातान भाकरी. रोजचा.”

सर ऐकत राहिले. त्यांच्या डोक्यात एकेक दिवा लागत होता.

“मला सगला ठाव व्हता, आत्या!” आतून आवाज आला. “रोज एक भाकर जास्तीची कोन थापत व्हता? तुमी?”

एक कोंबडी सरांच्या चपलेवरून चालत गेली.

“बघ कशी ऐकत बसली हाय,” ठकूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज पडला होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “माजा तसा चुकलाच. रोज रोज हाड म्हनायचा म्हंजे काय. मुका झाला तरी जीव हाय. त्यानं मनावर घेतला.”

“असं का म्हणता?”

“पानी चढला त्या दिवशी, तो त्या खाचराच्या बांधावर उभा व्हता. तिकडं त्वांड करून, पाठ माज्याकडं. मी इथं वट्यावरून वरडतेय, हाड रे! हाड! ये इकडं! त्यानं मान बी फिरवली नाय. पानी बघत ऱ्हायला. मंग बांध तुटला.” त्यांनी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. “त्याला वाटला असंल, म्हातारी खराच म्हनते, हाड.”

सरांच्या आयुष्यात त्यांच्या बोलण्याची कुणाला गरज पडल्याचे प्रसंग कमी. हा तसा होता, हे त्यांनाही जाणवलं. ते अंगणात उकिडवे बसले.

“नाही हो आजी. त्याला कळत होतं. तो दुसऱ्याच दिवशी आमच्या जिन्यात आला. मी घाबरून हाड म्हणालो, हाकलायला. तरी तो आला. हातात नाक खुपसलं त्याने.”

“हाड म्हनल्यावर?”

“हाड म्हटल्यावरच. दुसरं काही म्हटलं तर यायचाच नाही. म्हणजे तुमचा शब्द त्याच्या लक्षात होता. हाड म्हणणारं माणूस आपलं, हे त्याने तुमच्याकडून धरलं.”

ठकूबाईंनी डोळे पुसले, वालाच्याच हाताने, त्यामुळे पुन्हा पुसावे लागले. “मंग कळत व्हता त्याला,” त्या म्हणाल्या.

“सगळं कळत होतं.”

आतून शकू चहा घेऊन आली. बरोबर तांदळाची भाकरी होती आणि वालाची उसळ. सर नको नको म्हणत होते. “हाड,” ठकूबाई म्हणाल्या, “खा गुमान.” आणि तिघंही हसली.

परतताना सरांची स्कूटर हलकी झाली होती. नळी नव्हतीच! भिकूचा सिद्धान्त साफ पडला होता. मन हेही उत्तर शंभर टक्के बरोबर नव्हतं, कारण ते मन आधी ठकूबाईंचं होतं आणि सरांचं नंतर. पण वारसा तर वारसा. तिरस्काराच्या शब्दाखाली माया असते, हे कापड्याच्या अंगणात शिकलेला कुत्रा महाडच्या जिन्यात येऊन एका घाबरट माणसातली माया बरोबर ओळखतो, यापुढे अर्थविचाराचे ग्रंथ काय करणार! पोलादपूर यायच्या आत लेखाचं शीर्षक ठरलं, ‘हाड: एका शब्दाचा अर्थविस्तार’. कॉलेजच्या वार्षिकांकाला द्यायचा. शिवाय भिकूला दूध घालायला आल्यावर वाचून दाखवायचा.

आठवडाभर सर लिहीत होते. पुढच्या रविवारी सकाळी लेख पुरा झाला. समीक्षा स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. सर दारात उभे राहिले आणि वाचू लागले. पुराचं वर्णन झालं, जिना झाला, ठकूबाई झाल्या, शकू झाली. शकूपाशी आल्यावर समीक्षा हसली. बांधावरच्या कुत्र्यापाशी तिचा हात थांबला. सरांना वाटलं, लेख साधला. त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

“‘शब्दाचा अर्थ कोशात नसतो, तो बोलणाऱ्याच्या स्वरात असतो. ठकूबाईंच्या स्वरातली भाकरी त्याने ऐकली. माझ्या स्वरातलं भय त्याने ऐकलं, आणि त्या भयाच्या तळाशी...’”

“कसं ऐकलं?” समीक्षा म्हणाली.

“काय?”

“अहो, तो बहिरा होता ना.”

“कोण?”

“परत्या.” तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला माहीत नाही?”

सरांनी लेखाचं पान उलटलं, जणू पुढच्या पानावर याचा खुलासा असावा.

“पूर ओसरल्यावर मी त्याला इंजेक्शनला घेऊन गेले होते. तेव्हाच डॉक्टरांनी मागून टाळ्या वाजवून बघितलं, पत्र्याचा डबा आपटून बघितला. घरी आल्या आल्या तुम्हाला सांगितलं मी.”

“मला?”

“गॅलरीत. तुम्ही त्याला द्वंद्व समास समजावून सांगत होतात. म्हणालात, मध्ये बोलू नकोस, त्याचं लक्ष उडतं.”

कोथिंबिरीच्या काड्या बाजूला करून समीक्षाने पाणी सोडलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. ही गोष्ट त्या घरात नवीन होती, म्हणून तिने नळ बंद केला.

“मग हाड म्हटल्यावर कसा यायचा?”

“हात बघून. हाड म्हणताना हात असा वर जातो ना.” तिने ओला हात वर केला. “म्हातारी असाच हात करून भाकरी टाकत असेल. तुमचा हात वर गेला की त्याला वाटायचं, टाकली.”

“मी कधी काही टाकलं नाही.”

“म्हणून तर जवळ येऊन हुंगायचा. पडली कुठे ते बघायला.”

सरांनी लेखाची घडी घातली. पुन्हा उलगडली. “थोडंफार येत असेल ऐकू,” ते म्हणाले. “म्हणजे अगदी जवळून, रोजचा आवाज असेल तर...”

“नाही हो,” समीक्षा म्हणाली. “दोन्ही कान जन्मापासून बंद होते.”